रवांडाचा निःशस्त्र कॅप्टन

'हॉटेल रवांडा' (२००४) हा चित्रपट महाविद्यालयांत जरूर दाखवावा. पण १९९४च्या रवांडातले धैर्य एका हॉटेल व्यवस्थापकापुरते नव्हते, हेही मुलांना सांगावे. जेमतेम शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, त्यातले बहुतेक तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीचे. ऐन कत्तलीत सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवायची सोडून ती २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. आजही हे वाचताना संताप होतो.

त्याच शांतिसेनेत सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्य होते. ते निरीक्षक, म्हणजे हाती शस्त्र नाही. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाल्यावर त्यांच्या लपलेल्या मुलांना त्यांनी गाडीतून सुखरूप हलवले. पुढेही एका वेळी मोजकी माणसे गाडीत बसवायची आणि राजधानी किगालीच्या नाक्यानाक्यांवर कोयते परजून उभ्या असलेल्या टोळ्यांना सिगारेटी देत, हसवत वाट काढायची, असे त्यांनी कित्येकांना वाचवले. ३१ मे रोजी उखळी तोफेच्या माऱ्यात ते गेले. त्यांच्या नावाचे पदक ठेवायला संयुक्त राष्ट्रांना २०१४ साल उजाडले! आपल्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा