जांभ्यावर पालथ्या पडलेल्या आजींना

आजी,

समोर मी तुम्हाला नावाने हाक मारते, इथली रीतच तशी. घरात मात्र तुमचा उल्लेख 'आजी' असाच होतो, म्हणून इथेही तेच. पत्र मराठीत आहे, कारण ते आधी साताऱ्याला आईकडे जाणार. तिच्या मते मी तुमचे आभार धड मानलेच नव्हते.

आई सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात माझ्याकडे पर्थला आली ती इथली रानफुलं बघायची म्हणूनच. कासच्या सड्यावर आयुष्यभर फिरलेली बाई, आषाढी आमरी कुठल्या कडेला उगवते ते तिला तोंडपाठ. आम्ही पैसे भरून एक सहल केली. लांब पाकळ्या दिसल्या की मार्गदर्शक म्हणणार 'स्पायडर ऑर्किड', पिवळं दिसलं की 'काउस्लिप', आणि चला, बस थांबलीय. आईने काही विचारलं तर उत्तर द्यायचा माझ्याकडे बघून, तेही अर्धवट. फोनमधलं ॲप दर फोटोला नवं नाव सांगायचं आणि दर वेळी तितक्याच ठामपणे. आपल्या मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकले तर बदाम आले, अंगठे आले, एकाने 'रोप कुठे मिळेल, कुंडीत लावतो' असंही विचारलं. (दादा, ही ऑर्किडं मातीतल्या बुरशीच्या जिवावर जगतात. उपटलीत की मेली. शिवाय इथे तो गुन्हा आहे.)

मग पर्थजवळच्या डार्लिंग रेंज डोंगरांत, जॅरा नावाच्या निलगिरीच्या त्या रानात, बूट घासायच्या ब्रशपाशी तुम्ही भेटलात. मुळं कुजवणारा डायबॅक बुटांच्या मातीतून पसरतो, म्हणून आत शिरण्याआधी तळवे घासायचे. आई अगदी भांडी घासावीत तसे बूट घासत होती. ते तुमच्या नजरेत भरलं असावं, कारण 'काय शोधताय' हे तुम्ही तिलाच विचारलंत.

पुढे खूप काही दाखवलंत. हॅमर ऑर्किडचं नाटक तर हाताचं कोपर हलवून करून दाखवलंत: ओठ दिसतो बिनपंखी गांधीलमाशीच्या मादीसारखा, नर तिला उचलून उडायला जातो आणि बिजागरीवर गरकन फिरून थेट परागांवर आपटतो. 'म्हणजे लग्नात फसवलंच की बिचाऱ्याला,' आई म्हणाली. याचं भाषांतर करताना माझी जी तारांबळ उडाली! जमिनीला चिकटलेली रुंद पानंही दाखवलीत. रेड बीक नावाच्या ऑर्किडची ती पानं वर्षानुवर्षं नुसती पानंच राहतात आणि वणवा लागून गेला की मग फुलतात.

पण मला आभार मानायचे आहेत ते त्या जांभळ्या फुलाचे. वरून ते इतकं चकाकत होतं की रंगाचा हात नुकताच फिरवलाय असं वाटावं. तुम्ही सरळ पालथ्या पडलात, तुमच्या वयात, त्या लाल खड्यांवर. शेजारची जमीन थोपटून आईला बोलावलंत. ती साडीत होती, तरी पडली. तुम्ही खिशातून बोटभर आरसा काढून फुलाखाली सरकवलात. देठाला हात नाही, पाकळी वाकवणं नाही. आरशात मागची बाजू दिसली, फिकट आणि जांभळ्या ठिपक्यांनी भरलेली. मग भिंग आईच्या हातात दिलंत आणि गप्प राहिलात. ती बघत राहिली, तुम्ही थांबून राहिलात. बुंध्याशी असलेलं ते एकुलतं केसाळ पान तिनेच शोधलं. त्यानंतर कुठे तुम्ही 'पर्पल एनॅमल' म्हणालात.

माझ्या आईशी इतका वेळ घेऊन, तिच्या डोळ्यांवर विश्वास टाकून, या देशात तोवर कुणी बोललं नव्हतं. इंग्रजी येत नाही म्हटल्यावर लोक एक तर मोठ्याने बोलतात किंवा बोलतच नाहीत. जाणकार तसे पुष्कळ भेटतात हो. आपल्याकडेही सड्यावर कॅमेरे रोखून 'बाजूला व्हा' म्हणणारे काय कमी आहेत? दुसऱ्याला बघू देणारा जाणकार भेटला की मात्र माणसांविषयीच बरं वाटायला लागतं. नाव चुटकीसरशी सांगून तुम्हाला मोकळं होता आलं असतं.

उठताना आईने एक खडा उचलला आणि म्हणाली, 'अगं, हा तर आपला जांभाच!' मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, मग हिला मी काय शिकवणार.

आईचा निरोप असा की आषाढात या. तुमचा हंगाम तेव्हा नुकता सुरू होत असतो, फार काही चुकणार नाही. राहायचं आमच्याकडेच. चिखल असेल, पालथं पडायला गोणपाट ती देईल. आरसा तेवढा आणा.

आणि परवा वांडूच्या झाडाखाली एक ग्रीनहूड ऑर्किड सापडलंय. फोटो वेगळे पाठवते, समोरून, बाजूने आणि पानासकट. नाव लगेच सांगू नका, आधी आईला विचारते.

तुमची,
त्या साडीवाल्या बाईंची मुलगी