जर्मनीला जाणाऱ्यांना टपाल वाचायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची अमळनेरची. जळगावच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका होते, आता जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नोकरी करते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये इथल्याच, म्हणजे जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचे ठरले. तेव्हापासून आपल्याकडच्या मुलामुलींचे मला बरेच फोन येतात. विचारणे दोनच गोष्टींचे असते: जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा किती अवघड आणि थंडी किती. परीक्षा अभ्यासाने निघते आणि थंडीला जाड कोट मिळतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्याचीही सवय होते. खरी अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि भाषेच्या वर्गात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

इथला कारभार अजूनही टपालाने चालतो. घर मिळाले की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मग कर क्रमांक टपालाने येतो, विम्याचे कार्ड टपालाने, बँकेच्या कार्डाचा पिन वेगळ्या पाकिटात पुन्हा टपालानेच. टपालपेटीवर तुमचे आडनाव नसेल तर पत्र परत जाते. गल्लीत चार घरे विचारत पोस्टमन तुमच्यापर्यंत पोचेल, ही आपल्या गावची आशा इथे ठेवू नये. माझ्यासोबत आलेल्या नंदुरबारकडच्या मैत्रिणीच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचेच नाव होते. तिचा कर क्रमांक आलाच नाही आणि पगारातून जास्त दराने कर कापला गेला. तो पुढे हिशेबात परत मिळतो, पण पहिल्या पगारातून घरी कर्जाचा हप्ता पाठवायचा होता, तो राहिला. रात्रभर रडली बिचारी.

पत्र हातात पडले तरी ते वाचता यायला हवे. बी-टू झालेल्या मुलीलाही सरकारी पत्राची जर्मन कळत नाही, कारण पुस्तकात असतात त्या बाजारहाटाच्या आणि सहलीच्या गप्पा. पिवळे पाकीट, म्हणजे पोचल्याची अधिकृत नोंद ठेवून दिलेले पत्र, आले तर ते पाकीटसुद्धा जपून ठेवायचे असते. पोस्टमन त्यावर हाताने तारीख घालतो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला बहुतेक वेळा एकच महिना मिळतो, आणि ते पत्राच्या अगदी शेवटी, कोणी वाचणार नाही अशा जागी लिहिलेले असते. प्रसारण शुल्काचे, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी द्यायच्या वर्गणीचेही तेच. घरात टीव्ही नसला तरी घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावेच लागतात. चौघी एका घरात राहत असतील तर एकीने भरले की झाले, पण पत्र चौघींनाही येऊ शकते. घाबरून चौघी भरत बसतात.

दुसरी गोष्ट कामाची, आणि ती मी परिचारिकांसाठीच लिहिते आहे. जळगावला वॉर्डात पेशंटच्या खाटेपाशी निदान दोन नातेवाईक असायचे. आंघोळ, जेवण, कूस बदलणे ते बघायचे, आम्ही सलाईन, इंजेक्शन, औषधे बघायचो. इथे नातेवाईक भेटायच्या वेळेला फुले घेऊन येतात आणि जातात. अंग पुसणे, भरवणे, शौचाला नेणे ही परिचारिकेच्या शिक्षणातली मुख्य कामे आहेत. माझ्या पहिल्या वॉर्डात एक आजी होत्या. त्यांचे तोंड पुसण्याआधी विचारायचे, साबण हवा की नुसते कोमट पाणी. कपडा त्यांच्याच हातात द्यायचा, जेवढे जमेल तेवढे त्यांना करू द्यायचे, उरलेले आपण, आणि मग त्यांनी स्वतः किती केले ते नोंदवायचे. हे काम कमीपणाचे आहे असे समजून येणाऱ्या मुली फार दुःखी होतात. मला ते आज मनापासून आवडते. पण आधी कोणी सांगितले असते तर मीही पहिले दिवस इतके बिथरून काढले नसते. त्यात त्या आजी बोलत श्वाबिश, म्हणजे इथली स्थानिक बोली. छापील मराठी शिकून आलेल्या माणसाला थेट साक्रीच्या बाजारात अहिराणी ऐकायला उभे करावे, तशी गत.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आपली पदवी इथे मान्य होईपर्यंत, म्हणजे परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत, मदतनीस म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. एकट्या माणसाच्या पगारातला साधारण तिसरा हिस्सा कर आणि विम्यांत जातो. घरी मात्र पूर्ण आकड्याला युरोच्या भावाने गुणून शेत सोडवायचा बेत आखलेला असतो. करारात काही वर्षे टिकून राहण्याची आणि मध्येच सोडल्यास खर्च परत करण्याची अट असू शकते. सही करण्याआधी ती जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. परदेशी परिचारिका योग्य रीतीने आणणाऱ्या संस्थांसाठी जर्मनीत सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे. त्याच्या नियमानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, मुलीने नाही. एजंट पैसे मागत असेल तर आधी हे चिन्ह विचारा.

जिना झाडायची पाळी, रविवारी बंद दुकाने, रात्री दहानंतरची शांतता हे सगळे आपोआप अंगवळणी पडते. इथे पाळीची पाटी दारावर लागते आणि त्या आठवड्यात जिना आपला. सकाळी अंगण झाडून सडा टाकणाऱ्या घरातल्या मुलीला त्यात नवे काही नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारला भाषेचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटच्या महिन्यात पुस्तक बाजूला ठेवा आणि खरी पत्रे वाचायला द्या. कर कार्यालयाचे, विमा कंपनीचे, प्रसारण शुल्काचे, आणि एक नोकरीचा करार. नावे-पत्ते झाकून अशा पत्रांच्या प्रती द्यायला मी आणि इथल्या माझ्या मैत्रिणी तयार आहोत. रविवारी सुट्टी असेल तेव्हा व्हिडिओ कॉलवर वर्गाशी बोलूही. आमची वेळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे वर्ग दुपारी ठेवला तर आम्हाला सोयीचे पडेल. संपर्काचा पत्ता सोबत वेगळा दिला आहे.

आपली,
एक परिचारिका, मूळ रा. अमळनेर
(नोकरीच्या कारणाने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)