बंद बीचवरच्या छत्रीचे 45 रियाल परत करा

आत्ता तुमचा चौथा कॉल ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय, उद्यापर्यंत थांबलो तर राग उतरेल आणि तुमचं फावेल.

ओमानच्या सलालाहमध्ये रिसॉर्ट चालवता, तेव्हा खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा, काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. 21 जून ते 21 सप्टेंबर, दरवर्षी तेच, समुद्र खवळलेला, लाल झेंडे. धुकं आणि भुरभुर पाऊस बघायला अख्खं आखात तिथे लोटतं, आम्हीपण मस्कतहून हजारेक किलोमीटर गाडी हाणत त्यासाठीच आलो, रस्त्याकडेची शहाळी बघून आई तर म्हणाली रत्नागिरीच की रे ही. पावसाबद्दल तक्रार नाहीच आहे. पण जुलै महिन्यात तुम्ही आम्हाला 'बीच पॅकेज' विकलंत, छत्री आणि दोन खुर्च्या, रोजचे 15 रियाल, तीन दिवसांचे आगाऊ, आणि वाळूत पाय ठेवला की तुमचाच गार्ड शिट्टी मारतो!

रिसेप्शनवर गेलो तर ड्युटी मॅनेजर हसत म्हणाला, "सर, छत्री अव्हेलेबल होती, तुम्ही वापरली नाहीत." मी म्हटलं, अहो खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधून ठेवल्यात, बसू कुठे, त्या ढिगावर? तर म्हणे, "तुम्ही विनंती केली असती तर सोडल्या असत्या." आणि बीच बंद आहे त्याचं काय? "बीच बंद आहे सर, छत्री बंद नव्हती." हे शेजारी उभ्या असलेल्या आईसमोर. वर पुन्हा, "तुम्ही मुंबईचे ना, पावसाची सवय असेलच." हो आहे ना सवय. पण जुहूला पावसात भिजायचे कोणी 45 रियाल घेत नाही.

टॉवेल तीन दिवस दमट होते, एसीला कुबट वास येत होता, ते मी सोडून दिलं, हवाच तशी असते. पण वेबसाईटवर हिवाळ्यातला निळाशार समुद्र लावून जुलैत छत्री विकणं ही हवा नाही, हा तुमचा धंदा आहे.

परवाच्या कॉलवर सांगितलं "पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे", आजच्या कॉलवर "फाईल अकाउंट्सकडे आहे". दोन्ही एकदम कसं असेल?

रविवारपर्यंत 45 रियाल कार्डवर आले नाहीत तर बँकेत डिस्प्यूट टाकतोय, बांधलेल्या खुर्च्यांचा फोटो जोडून. डिसेंबरला भावाच्या चार रूम तुमच्याकडेच बुक करणार होतो, त्याला तो फोटो पाठवून झालाय.