बाबांच्या स्पीकरना नवा अ‍ॅम्प्लिफायर

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मिस्त्रीने उजव्या बाजूचे ट्रान्झिस्टर पुन्हा बदलायला सांगितलेत, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. हा विषय फोनवर निघाला की आपण ‘बघू’वर येऊन थांबतो, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर आता पैसे घालू नका. स्पीकर उत्तम आहेत, ते तसेच राहू द्या. त्यांना आपण क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर घेऊ.

जुन्याच्या मागे हीटसिंकवर, म्हणजे उष्णता उतरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, शंकरपाळ्याच्या आकाराचे ते धातूचे टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टर आहेत ना, त्यांच्या नावाने बाजारात नकली माल भरपूर फिरतो. छाप बरोबर असतो, पण आतली सिलिकॉनची चकती लहान असते, आणि आवाज जरा वाढवला की ती जाते. शिवाय आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत वाळले असणार. एक भाग बदलला की दुसरा बोलायला लागेल, आणि दर वेळी तो बोजा उचलून नया बाजारपर्यंत तुम्हीच नेणार. ते मला नको आहे.

‘एवढीशी डबी माझे स्पीकर काय वाजवणार?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या काळात वजनावरून ताकद कळायची. ट्रान्सफॉर्मर जड आणि हीटसिंक मोठे, तेव्हाच वॅट खरे. याचं कारण असं, की जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून आवाजाच्या चढउताराप्रमाणे करंट सोडतो. स्पीकरला न मिळालेली वीज त्याच्याच अंगात उष्णता होऊन बसते. या जुन्या पद्धतीची, म्हणजे क्लास बीची, कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि घरी हळू आवाजात ऐकताना ती फारच खाली असते. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. दोन्ही स्थितींत वाया जाणारी वीज थोडी. हे उघडणं-मिटणं सेकंदाला काही लाख वेळा होतं. प्रत्येक वेळी तो किती काळ उघडा राहिला, त्या कमी-जास्त रुंदीत गाणं असतं. शेवटी एक कॉइल आणि एक कपॅसिटर मधली धडधड गाळून टाकतात आणि स्पीकरला मूळ लहर मिळते. मोठ्या आवाजात अशा अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. फारसा तापतच नाही तर एवढा मोठा हीटसिंक हवा कशाला? डबी लहान आहे ती यामुळे.

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात ही गोष्ट किती मोलाची आहे ते तुम्हाला मी काय सांगू! बाहेर ४५ अंश, वीज गेलेली, पंखा इन्व्हर्टरवर, आणि त्याच खोलीत तो जुना नुसता चालू ठेवला तरी तापणारा. तुमच्या इन्व्हर्टरलाही यातून हलकं वाटेल.

आणि हे कालचं फॅडही नाही. इंग्लंडात सिंक्लेअरने १९६४ मध्ये असा एक्स-१० नावाचा किट विकायला काढला होता. लिहिलेलं होतं १० वॅट, निघायचे जेमतेम अडीच. त्या वेळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडत-मिटत नव्हते. वेगवान मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर आले आणि आवाज परत तपासून चूक सुधारणारं फीडबॅकचं सर्किट सुधारलं, तेव्हा या पद्धतीला खरं तेज आलं. फिलिप्समध्ये काम केलेल्या ब्रुनो पुट्झेस यांचं त्यात मोठं नाव आहे. हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांची मॉड्यूल त्यांच्याच कामातून आली. ती अप्रतिम आहेत, पण आपल्या बैठकीच्या खोलीला तेवढ्या खर्चाची गरज नाही.

आता वॅटचं बघू. डब्यावरचा आकडा मुळीच वाचू नका, हे मी फार कळकळीने सांगते आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप सध्या पुष्कळ डब्यांत असते. तिच्या माहितीपत्रकात ४ ओहमला ३१५ वॅट दिलेत खरे, पण ते १० टक्के विकृतीला, म्हणजे आवाज तेवढा बिघडलेला असताना. तेवढ्या विकृतीत आईला गाणं दोन मिनिटं ऐकवणार नाही. १ टक्क्याला तोच आकडा २६० होतो, आणि ८ ओहमला १५०. तेही चिपला जवळपास कमाल व्होल्टेज दिलं तर. डब्यासोबत पुष्कळदा मिळतो ३६ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. त्या व्होल्टेजवर ८ ओहमच्या स्पीकरला ८१ वॅटच्या वर स्वच्छ असं काही जाऊच शकत नाही, हिशेब तुम्हीच करून बघा: ३६ चा वर्ग भागिले १६ (८ ची दुप्पट). वर ‘३००+३००’ छापलेलं असलं तरी. म्हणून दुकानात पहिला प्रश्न अ‍ॅडॅप्टर किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा, हाच विचारायचा.

आणि ऐंशीसुद्धा आपल्याला पुरून उरतात. तुमच्या स्पीकरसारखे स्पीकर साधारण एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबलच्या जवळ आवाज देतात. झोपाळ्यावर बसून, खिडकी उघडी ठेवून तुम्ही जेवढ्या आवाजात ऐकता, त्याला अर्धा वॅटही लागत नसेल. पण तबल्यावर एखादी खणखणीत थाप पडली किंवा तारसप्तकात आवाज लागला की तो क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जातो, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वीज. म्हणजे ०.३ वॅटचे तीस वॅट झाले. त्यासाठी हा हात राखून ठेवायचा. २४ व्होल्टवर चालणारा टीपीए३११६ चा स्वस्त डबा ८ ओहमला फार तर ३६ वॅट देतो, म्हणजे अगदी काठावर. मी ३६ व्होल्टचा टीपीए३२५५ घ्यावा म्हणते.

या चिपचे डबे पुष्कळ, त्यांतला कोणता, याला माझ्या लेखी एकच कसोटी आहे: फीडबॅक कुठून घेतला आहे? मी म्हटलं ती कॉइल आणि कपॅसिटर स्पीकरच्या ओहमशी जुळून वागतात. एका स्पीकरवर वरच्या पट्टीचा आवाज किंचित उठतो, दुसऱ्यावर बसतो. फीडबॅक कॉइलच्या पुढून, म्हणजे थेट स्पीकरच्या टोकांवरून घेतला, तर हा फरक बराचसा भरून निघतो. अशा डब्याला थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत.

आई, इथे तुझं काम आहे. बाबा मीटर लावतील, पण निवड तुझ्या कानाने व्हावी असं मला मनापासून वाटतं. माधव संगीत महाविद्यालयात तुम्हाला आधी तंबोरा लावायला शिकवलं, असं तू सांगायचीस. तोच ऐक. नुसता तंबोरा वाजतोय अशी जागा काढ आणि जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, ऐक. वरची पट्टी उठलेली असेल तर तारेला पत्र्यासारखी कडा येते. बसलेली असेल तर जवारी बंद वाटते, तारा निमूट होतात. मग कृष्णराव पंडितांची ती आकाशवाणीवरून टेप केलेली कॅसेट लाव. आपल्या ग्वाल्हेरचा तो खुला आकार छातीतून यायला हवा. विलंबित ख्यालात दोन शब्दांमध्ये जागा सुटते तेव्हा स्पीकरला कान लावून बघ, सूऽऽ असा आवाज येतो का. स्वस्त डबा तिथे पकडला जातो. तू नाही म्हणालीस तर तो परत जाईल, मी दुकानदाराशी तसं आधीच बोलून ठेवीन.

बाबा, आता जोडणीचं, आणि हे फार महत्त्वाचं. तुम्ही दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा मागे पिळून एकाच स्क्रूखाली धरल्या आहेत. जुन्यात ते चालतं, कारण तिथे काळी बाजू दोन्हींची एकच असते. नव्यात काळ्या टोकालाही सिग्नल असतो. दोन काळ्या एकत्र आल्या किंवा डब्याच्या पत्र्याला लागल्या तर चिप जळू शकते. प्रत्येक स्पीकरच्या दोन तारा शेवटपर्यंत वेगळ्या न्यायच्या, आणि तो स्पीकर बदलायचा जुना स्विचबोर्डही मधून काढायचा.

रेकॉर्ड प्लेयर यात थेट लागणार नाही. सुईकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज कमी नि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. ते परत समतोल करणारं सर्किट जुन्याच्या ‘फोनो’ सॉकेटमागे होतं, नव्यात बहुधा नसतं. फोनो प्रीअ‍ॅम्प म्हणून लहानशी डबी वेगळी मिळते, ती मी घेते. प्लेयरची बारीक अर्थिंगची तार तिच्या स्क्रूला लावायची, नाही तर घूंऽऽ ऐकू येईल. कॅसेट डेक मात्र सरळ लागेल.

मीडियम वेव्हचा रेडिओ त्याच फळीवर ठेवू नका. चिपच्या उघडण्या-मिटण्याची फ्रीक्वेन्सी ४५० ते ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे ती नाही तर तिची दुप्पट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येतेच. रेडिओ खिडकीशी न्या. आणि आई, क्रोशाचा रुमाल अ‍ॅडॅप्टरवर अजिबात नको. तो तापतो, आणि आतल्या कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं.

जुना अ‍ॅम्प्लिफायर टाकू नका. दुछत्तीवरही चढवू नका, दोघांपैकी कोणीही तो उचलायचा नाही. आहे तिथेच राहू दे, मी दिवाळीला येईन तेव्हा हलवीन आणि नव्याची जोडणीही करीन. तोवर बाबा, एवढं करा: स्पीकरच्या मागच्या पट्टीवर ४ लिहिलंय की ८, त्याचा फोटो पाठवा. आणि स्पीकरपासून फळीपर्यंतचं अंतर मोजून कळवा, म्हणजे तार त्या मापाने आणते. मिस्त्रीला सध्या नाही म्हणून सांगा.

तुमची,
मीनू