पाचोळ्याची पावती कोणाच्या नावाने?

संपादक महोदय,

उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना दंड करणार, ही कालच्या अंकातली बातमी वाचली. नागरिकांना दंड करा, ते रास्तच आहे. पण सरकारी आवारात सकाळी सकाळी पाचोळा पेटतो, त्याची पावती कोणाच्या नावाने फाडणार?

इंदिरानगरला आमच्या घरासमोर सरकारी मोकळा भूखंड आहे. परवा साडेसहाला धुरानेच जाग आली. सासूबाईंना दमा आहे, त्यांना धाप लागली. खिडक्या लावून खाली धावले, तर पाल्याचा ढीग थेट कडुनिंबाच्या बुंध्याशी लावून पेटवलेला. चार बादल्या ओतल्या तेव्हा विझला. कमरेपर्यंत साल कोळसा झाली आहे, नखाने खरवडली की हातात येते. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ताई, न्यायला गाडी येत नाही, अन् ढीग दिसला की मुकादम ओरडतो. मी करू काय?" त्यांच्यावर माझा राग नाही. गाडी न पाठवणाऱ्यांवर आहे.

बागांचा पालापाचोळा वेगळा गोळा करून शक्यतो तिथेच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं. त्याच वर्षी हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरायला लावा, असं सांगितलं. मग खड्डा खणायला अडतं कुठे? मी अंगणात कोंबडीजाळीचा गोल उभा करून तीन वर्षं पाला जिरवते आहे. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, वरून पाणी शिंपडून ओल धरायची, महिन्यातून एकदा खालीवर करायचं. नुसता कोरडा पाला कुजायला वेळ घेतो, पण शिमग्याला भरलेल्या जाळीतून दसऱ्यापर्यंत घमेली भरून काळंभोर खत निघतं.

आणखी एक. मे महिन्यात तारांखालच्या फांद्या छाटतात आणि रस्त्याकडेला तशाच टाकून जातात. गेल्या वर्षी पहिल्याच पावसात तो पाला गटाराच्या जाळीवर बसला आणि आमच्या फाटकात घोटाभर पाणी. छाटणारे म्हणाले उचलणं आमच्याकडे नाही, उचलणारे म्हणाले आम्हाला कळवलंच नाही. छाटणीच्या आदेशातच उचलण्याची तारीख घाला.

पानगळ अजून संपलेली नाही. त्या भूखंडाच्या कोपऱ्यात दोन खड्डे खणून द्या, शेण मी आणून टाकते.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक