मंग धुरा कधी सरकवाचा?

दारव्हा
२२ जून २०२५

प्रिय बंड्या,

दोन वर्षं पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढं वाच. माझी शुगर आहे तिथंच आहे, गुडघे गेले. बस्स.

फोन केला असता, पण तू हसतोस आणि सांगायचं राहून जातं.

गेल्या मंगळवारी त्या म्हाताऱ्याचा पोरगा आला. तोच म्हातारा रे, आपल्या सिनिअर साहेबांच्या ओसरीवर चपला हातात घेऊन बसायचा. तो वारला. पोरानं बापासारखीच घरची तूरडाळ आणली, चहा घेतला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, बाबा सांगत का आपन केस जितलो. मंग धुरा कधी सरकवाचा?"

तो गेल्यावर फाइल काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या. हुकूमनामा १८ जून २००९चा : शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरून दाबलेली तीस आर जमीन परत द्यावी. समोरच्यानं अपीलही केलं नव्हतं. म्हातारा तेव्हा म्हणाला होता, पोरीचं लग्न होऊ द्या, मग बेलीफ नेऊ. मी म्हटलं, करू. आणि बंड्या, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात लावायची ती दरखास्त लागलीच नाही. तीनदा फाइल उलटी-पालटी केली. बारा वर्षांची मुदत २०२१ला संपते. सुप्रीम कोर्टानं कोरोनात वगळलेला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ धरला, तरी जून २०२३ला मेली. दरखास्तीला उशीरमाफीचा अर्जही चालत नाही, हे तुला सांगायला नको. वकिली सोडून बँकेत गेलास तरी लिमिटेशन तुझंच पक्कं होतं.

मे २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वकिलावर ग्राहक मंचात जाता येत नाही. आम्ही बाररूममध्ये पेढे वाटले. मी दोन खाल्ले होते. (त्याच जुलैपासून नव्या कायद्यात फसवणुकीच्या कलम ४२०चं ३१८ झालं. मला चारसोबीस म्हणायचीही सोय राहिली नाही बघ.)

माझ्या बापाचं तुला माहीतच आहे. समन्स आलं, वाचता येईना. सरकारी कागद म्हणून त्यानं हळदकुंकू लावून देवळीत ठेवलं. कोर्टात गेलाच नाही, निकाल एकतर्फी झाला, वावर गेलं. त्यापायी तर मी शकुंतला रेल्वेत बसून अमरावतीला लॉ करायला गेलो. इंजिनाची काजळी डोळ्यात जायची आणि तू म्हणायचास, लेका, आत्ताच रडून घे, सनद मिळाल्यावर पक्षकार रडतील. चव्वेचाळीस वर्षांच्या वकिलीत बापाच्या जागी कोणाला बसवलं तर या म्हाताऱ्याला. कागद वाचता येत असून.

म्हणून तुला लिहितोय. १९८४ला अपिलाची तारीख मी चुकवली आणि साहेबांसमोर "मीच विसरलो" असं तू म्हणालास. मी कपाटाआड उभा होतो. त्यानंतर आपण भांडलो ते सायकलीवरून. तिची चेन तूच तोडली होतीस हे अजूनही माझं म्हणणं आहे. पण भांडण सायकलीचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

ज्युनिअर म्हणते, सर, सांगायची गरज काय, "प्रोसेस चालू आहे" म्हणा. पोरगी हुशार आहे, पुढं जाईल. त्याची मला भीती वाटते.

परवा रात्री हिशेब केला. तीस आरचा आजचा भाव काय होईल तो. देता येईल, पेन्शन नाही तरी देता येईल. पण तो घेईल का? घेतला तर त्याला वाटेल साहेब किती भले. तेच नको आहे.

उद्या सोमवारी तो पुन्हा येतोय. त्या दिवशी "मीच" म्हणताना तू साहेबांकडे पाहिलं होतंस की खाली? मला पाठच दिसत होती.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगी की मुलगा, कळव. वहिनींना नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र स्वतः वाच, नातवाला वाचायला लावू नकोस.

डाळीची पिशवी अजून सोडलेली नाही. ही रोज विचारते.

तुझा,
वकील (तूच ठेवलेलं नाव)