बॉयलरमध्ये नायट्रोजन भरण्याच्या चुकीच्या हिशेबाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गॅस पुरवठा विभाग

स. न. वि. वि.

आमचा गोव्यात वाळपईजवळ काजूचा लहान कारखाना आहे. बिया वाफवायला लागणारा बॉयलर जूनपासून गणेश चवथीपर्यंत बंद असतो. इकडच्या पावसात बॉयलर कितीही वाळवला, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे ट्रे आत ठेवले, तरी तळाच्या पत्र्याला ओल राहतेच. ओल असली तरी ऑक्सिजन नसेल तर गंज धरत नाही, म्हणून यंदा आत हवेऐवजी नायट्रोजन भरून ठेवायचे ठरवले आणि काम तुमच्याकडे दिले.

तुमच्या माणसाने आमच्यासमोर चलनाच्या पाठीवर पेनने हिशेब मांडला: बॉयलरच्या आतली जागा 4 घनमीटर, दाब अर्धा बार, 4 × 0.5 = 2 घनमीटर. "एक सिलिंडर पुरे, उरेलसुद्धा," असे तो म्हणाला. खरोखरच उरला. 47 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बारला सुमारे 7 घनमीटर गॅस असतो, त्यातला 2 वापरून उरलेला 5 तो परत घेऊन गेला. बिल मात्र पूर्ण सिलिंडरचे लावले. ते चलन अजून माझ्याकडे आहे.

हा हिशेब फक्त दाब चढवण्याचा झाला. आत आधीपासून जी हवा होती ती कुठे गेली? कुठेच नाही. तुम्ही ती बाहेर काढलीच नाही, वरून नायट्रोजन कोंबला. 4 घनमीटर हवेत किलोभराहून जास्त ऑक्सिजन असतो, तो सगळा आतच राहिला. दाबाचा काटा तीन महिने 0.4 च्या खाली गेला नाही, आणि आम्ही खुळ्यासारखे रोज तो पाहून समाधान मानत होतो. आत कोणता वायू आहे हे काटा थोडाच सांगतो!

हवा बाहेर काढायची रीत अशी: काट्यावर एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच जादा दाब, येईपर्यंत नायट्रोजन भरायचा, सोडून द्यायचा, पुन्हा भरायचा. प्रत्येक वेळी ऑक्सिजन निम्मा होतो: 21 टक्के, मग साडेदहा, सव्वापाच, अशा पाच फेऱ्यांनी एक टक्क्याच्या खाली. दर फेरीला 4 घनमीटर लागतात, म्हणजे 20, आणि शेवटचा अर्धा बार राखायला 2. एकूण 22. सिलिंडर तळापर्यंत रिकामा करत नाहीत, म्हणून साडेसहाचा धरला तरी चार सिलिंडर लागतात, मधे दाब उतरला तर भर घालायला पाचवा. इतके गणित पुरवठादाराला यायला हवे होते.

चवथीआधी मॅनहोल उघडला तेव्हा तळाला आणि नळ्यांच्या खालच्या अंगाला नारिंगी गंज. बोट फिरवले तर बोटाला रंग लागला.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'आत नायट्रोजन आहे, आत जाऊ नये' असा साधा फलकही तुमच्या माणसाने लावला नव्हता. आमचा फिटर टॉर्च घेऊन डोके आत घालणार एवढ्यात मी त्याला मागे ओढले. नायट्रोजनने नीट भरलेल्या बॉयलरमध्ये हवा खेळवल्याशिवाय डोकावले तर माणूस ओरडायच्या आधी कोसळू शकतो. ही चूक गंजासारखी घासून काढता आली नसती.

सिलिंडरचे पूर्ण पैसे परत द्यावेत आणि नळ्या साफ करण्याचा खर्च सोसावा. पुढच्या जूनमध्ये काम घ्यायचे असेल तर फेऱ्यांसकट लेखी हिशेब आधी पाठवावा आणि फलक सोबत आणावा. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
काजू कारखानदार, सत्तरी, गोवा